एका घरातली दोन मुलं, दोन तऱ्हेची मराठी: बडोदा ते बायर्न

हे प्रकरण कोणा एका कुटुंबाचं नाही. बडोद्याहून दक्षिण जर्मनीत गेलेल्या मराठी घरांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एका घरात बसवून मांडलं आहे. मुलांची वयं, महिने, आठवड्याचे तास हे त्या मांडणीचा भाग आहेत. कायदे, तारखा आणि शाळेची व्यवस्था मात्र बायर्न (बव्हेरिया) राज्यात जशी आहे तशीच दिली आहे.

घर असं. आजी-आजोबा बडोद्याच्या दांडिया बाजारात. वडील यंत्र-अभियंता, ब्लू कार्डावर (युरोपातला कुशल नोकरदारांचा परवाना) नोकरी. आई बडोद्यात हिशेबाचं काम करत होती, तिकडे गेल्यावर भाषेच्या वर्गाला बसली. मुलगी ऑगस्ट २०१७ ची, मुलगा जानेवारी २०२१ चा. जानेवारी २०२३ मध्ये चौघं म्युनिकपासून गाडीने तासाभरावरच्या एका लहान गावात राहायला गेले. तीन वर्षांनी चित्र असं आहे: मुलगी दुसरीत, जर्मन चांगलं, मराठी आजीशी भांडण्याइतकी पक्की. धाकट्याला मराठी सगळी कळते, पण तो उत्तर जर्मनमध्ये देतो. आई-बाप तेच, घर तेच, जेवणाचं टेबल तेच. मग एकाची भाषा राहिली आणि दुसऱ्याची घसरली ती का, हा या प्रकरणाचा प्रश्न.

बडोद्याच्या मराठी माणसाला या बाबतीत एक फाजील आत्मविश्वास असतो. गायकवाडांबरोबर आलेली घरं अडीच-पावणेतीनशे वर्षं गुजरातीत राहिली, तरी घरातली मराठी गेली नाही. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार साहित्य संमेलनं या शहरात झाली. तेव्हा ‘आम्ही इथे टिकवली, तिथेही टिकवू’ हे वाक्य जाताना प्रत्येक घरात ऐकू येतं. त्यात गफलत आहे. बडोद्यात मराठी केवळ आई-बापांनी घरात बोलून टिकली नाही. समोरच्या जिन्यातल्या काकू, मराठी शाळा, गणपतीतली नाटकं, लग्नातले दोनशे पाहुणे, राज्यकारभारात मराठी माणसांचा वावर असा मोठा पसारा तिला धरून होता. त्यातलं काहीच विमानात चढत नाही.

निघण्याआधीची कागदपत्रं

यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण अडतं ते इथेच. जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवरप्रतिबंधक लसीचा पुरावा दिल्याशिवाय मुलाला किटामध्ये (बालवाडी आणि पाळणाघर मिळून जी संस्था असते ती) घेत नाहीत. एक वर्ष पूर्ण झालं असेल तर एक डोस, दोन वर्षं पूर्ण असतील तर दोन. मुलीच्या दोन्ही लसी झालेल्या होत्या, पण नोंद गुजराती ममता कार्डावर (गुजरातेतलं सरकारी लसनोंदीचं कार्ड), घाईच्या अक्षरात. किटाच्या प्रमुखांना ते वाचता येईना. बालरोगतज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत तीन आठवडे गेले, मग त्यांनी तारखा पिवळ्या लसपुस्तिकेत उतरवल्या. बडोद्यातल्या डॉक्टरांकडून एका कागदावर इंग्रजीत लसीचं नाव, तारीख, सही-शिक्का घेतला असता तर हे तीन आठवडे वाचले असते.

दुसरी अडचण नावाची. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र छापलेलं होतं. जर्मन कार्यालयाच्या हिशेबी ती दोन्ही मुलीचीच नावं. किटात तिच्या खुंटीवर वडिलांच्या नावासकट पट्टी लागली. एकदा नोंदलेलं नाव सहज बदलत नाही, पण हाक कोणत्या नावाने मारायची ते पहिल्याच दिवशी लिहून देता येतं. पासपोर्ट नव्याने काढायचा असेल तर हे आधीच तपासावं.

मुलांसाठीचा सरकारी भत्ता, किंडरगेल्ड, २०२५ मध्ये मुलामागे महिना २५५ युरो होता. तो मागच्या सहाच महिन्यांचा मिळतो, त्यापेक्षा जुना बुडतो. मुलांचे कर-क्रमांक टपालाने आले की त्याच आठवड्यात अर्ज टाकलेला बरा.

किटातले पहिले महिने

मार्चमध्ये मुलीला जागा मिळाली. रुळवण्याची तिथे ठरलेली पद्धत असते, बहुतेक ठिकाणी ‘बर्लिन पद्धत’. पहिले तीन दिवस आई किंवा बाबांनी तासभर त्याच खोलीत बसायचं, मुलाला ढकलायचं नाही आणि अडवायचंही नाही. मुलाला एकटं सोडायचा पहिला प्रयत्न चौथ्या दिवशी, तोही फार तर अर्ध्या तासाचा. तो दिवस सोमवार असेल तर मंगळवारवर ढकलायचा, कारण शनिवार-रविवारनंतर मूल पुन्हा आईला चिकटलेलं असतं. हे सगळं साधारण दोन ते चार आठवडे चालतं.

आईला हे वेळकाढूपणाचं वाटलं. बडोद्यात नर्सरीच्या फाटकाशी मूल बाईंच्या हातात दिलं की आया मागे वळून बघत नाहीत. दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी खेळेल, असा तिथला रिवाज. दुसऱ्याच दिवशी ‘बाथरूमला जाऊन येते’ म्हणून ती निघून गेली आणि पाऊण तासाने परतली. पुढचे दहा दिवस मुलगी दप्तर दिसलं की रडे. सगळं पहिल्यापासून करावं लागलं आणि जे तीन आठवड्यांत व्हायचं त्याला सहा लागले. बडोद्याची पद्धत वाईट, असा याचा अर्थ नाही. तिथे बाई मुलाच्या भाषेत समजूत काढते. इथे रडणाऱ्या मुलीला कोणाचा एक शब्दही कळत नव्हता, म्हणून आईचं खोलीत असणं हाच सगळा आधार होता.

मग ती गप्प झाली. किटात एक शब्द नाही, घरी मात्र अखंड बडबड. नव्या भाषेत पडलेल्या मुलांचा हा नेहमीचा टप्पा आहे आणि तो काही महिने चालू शकतो. घरी बोलणं वयाला साजेसं आहे का, किटात इतरांचं बघून सूचना पाळते का, खेळात शिरते का, एवढं बघायचं. तिन्ही ‘हो’ असेल तर थांबायचं. घरच्या भाषेतही वाक्यं तुटकी असतील तर आधी कान तपासून घ्यावे आणि मग बालरोगतज्ज्ञाकडून वाचा-उपचाराची चिठ्ठी घ्यावी. उपचारकाला मराठी येत नसली तरी मूल मराठीत कशी वाक्यं करतं हे आईने लिहून न्यावं. फक्त जर्मनवरून निदान केलं तर परदेशातून आलेलं प्रत्येक मूल मंद ठरेल. सहा महिने उलटून गेल्यावरही मूल किटात थिजल्यासारखं बसत असेल तर प्रकरण वेगळं, त्याला तज्ज्ञ लागतो.

या गप्प काळात चड्डी ओली होण्याचे प्रकार झाले. किटाला वाटलं, मूल वयाने मागे गेलं. खरं कारण साधं होतं. पाण्याची सवय असलेल्या मुलीला कागदाने पुसता येत नव्हतं, म्हणून ती जायचंच टाळत होती. घरी जेट लावलेला, किटात कागद. दोन आठवडे घरी कागदाची सवय केली, खुंटीवरच्या पिशवीत ओल्या रुमालांचं पाकीट ठेवलं आणि ‘शूला जायचंय’ यासाठी एक हाताची खूण बाईंशी ठरवून घेतली. प्रश्न संपला. निघण्याआधी महिनाभर ही एक सवय लावून घ्यावी, बाकीचं जर्मन नंतर येतं.

झोपेचंही असंच. बडोद्यात साडेदहाला झोपणारं मूल इथे आठला किटात हवं. शिक्षिकांच्या वहीत ‘चिडचिड’, ‘लक्ष नाही’ असे शेरे आले ते भाषेमुळे नव्हे, दीड-दोन तासांच्या अपुऱ्या झोपेमुळे. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणत महिनाभरात झोप आठ-सव्वाआठवर आली. यात आड आला तो बडोद्याचा फोन. हिवाळ्यात बडोद्याचं घड्याळ साडेचार तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. आजोबा रात्री उशिरापर्यंत जागे, म्हणून फोन नेमका मुलांच्या झोपेच्या वेळी यायचा. तो संध्याकाळी पाचला आणला. तिकडे साडेआठ-साडेनऊ वाजलेले, जेवणं आटोपलेली.

डब्याबद्दल थोडं. सकाळचा डबा थंड खायचा असतो, गरम करून देत नाहीत. पोळी-भाजी गार झाली की मुलं खात नाहीत आणि लोणच्याचं तेल दप्तरात उतरतं. थेपल्याची गुंडाळी चीज लावून, काकडीच्या फोडी, सफरचंद हे चाललं. जिलेटिनच्या गोळ्यांबद्दल शाकाहारी घरांनी लेखी कळवावं. तोंडी सांगितलेलं बदली बाईपर्यंत पोचत नाही.

आणि मारण्याबद्दल. सन २००० पासून जर्मन कायद्यात मुलाला हिंसेशिवाय वाढण्याचा हक्क आहे, त्यात चापटही आली. मुलीने खेळताना बाहुलीला फटका दिला आणि ‘आई’ म्हणाली. किटाच्या प्रमुखांनी आईला बोलावून विचारलं. अशा खुणा दिसल्या तर चौकशी करणं आणि पालकांशी बोलणं हे किटाचं कायदेशीर कर्तव्यच आहे. बोलावणं आलं म्हणजे बालकल्याण कार्यालय दारात आलं असं नव्हे. अशा वेळी दुभाषा मागावा, तो मागण्यात संकोच नसावा. मोडक्या जर्मनमध्ये ‘कधीकधी मारते’ आणि ‘एकदा मारलं’ यातला फरक सांगता येत नाही. आईने चापटीची सवय कबूल केली, काय बदलणार ते सांगितलं, प्रकरण तिथेच मिटलं. घाबरून मुलाला किटातून काढणं किंवा रातोरात तिकीट काढणं यानेच संशय वाढतो.

‘घरी जर्मन बोला’

मे महिन्यात एका शिक्षिकेने हा सल्ला दिला. आता बहुतेक किटांमध्ये उलट सांगतात, पण जुना सल्ला अजून ऐकू येतो आणि आई-बाप तो आज्ञेसारखा पाळतात, कारण सांगणारी बाई गोरी आणि प्रेमळ असते.

पाच महिने घरात जर्मन चाललं. आई-वडिलांचं जर्मन तेव्हा कोर्सच्या पहिल्या पायरीचं, चारपाचशे शब्दांचं. त्या शब्दांत ‘ये’, ‘जेव’, ‘दात घास’, ‘छान’ एवढंच सांगता येतं. ‘रुसलीस का गं?’ विचारता येत नाही. मुलीच्या जर्मनमध्ये त्यामुळे काडीची भर पडली नाही, उलट आई-वडिलांच्या चुकीच्या विभक्ती तिने उचलल्या. आणि किटात एक मुलगा तिला रोज ढकलतो ही गोष्ट घरी कळायला दोन महिने लागले. ती सांगायला तिच्याकडे घरातली भाषाच उरली नव्हती.

ऑक्टोबरात पुन्हा मराठी सुरू झाली. जर्मन किटाकडे सोपवलं. मुलांची खेळायची-बोलायची भाषा दीड-दोन वर्षांत येते. पाठ्यपुस्तकातली, समजावून सांगायची भाषा पाच ते सात वर्षं घेते. ही पुस्तकी भाषा घरच्या भाषेत विचार करायची सवय असेल तरच लवकर येते. पाऊस कसा पडतो हे मराठीत कळलेल्या मुलीला जर्मनमध्ये फक्त नवे शब्द शिकायचे उरतात. एक छोटी मदत मराठीची जर्मनला थेटही होते. तीन लिंगं मराठी मुलाला नवी नसतात. वस्तूला ‘ते’ म्हणता येतं हे हिंदीवाल्या मुलाला समजावावं लागतं, आपल्याला नाही.

त्याच वेळी भाषांचा पसारा आवरला. हिंदी कार्टून बंद, इंग्रजी बंद. किटातल्या मुलांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे पूल म्हणून तिचा उपयोग झालाच नव्हता. गुजरातीवरून मात्र आजोबांशी वाद झाला. आत्या गुजराती घरात दिलेली, शेजार गुजराती, आणि बडोद्याच्या पोराला गुजराती येत नाही म्हणजे काय! तडजोड अशी निघाली की गुजराती बडोद्याला गेल्यावर आणि नवरात्रात गरब्याला. पाच भाषा थोड्या थोड्या शिंपडण्यापेक्षा दोन भरपूर ओतलेल्या बऱ्या, हे आमचंही मत आहे.

शाळा २०२३ ला की २०२४ ला

बायर्नमध्ये ३० सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण होणाऱ्या मुलाला त्या वर्षी शाळा सक्तीची. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात सहा पूर्ण होत असतील तर निर्णय पालकांचा, आणि तो १० एप्रिलपर्यंत शाळेला लेखी कळवायचा. मुलगी या पट्ट्यात बसत होती. वडिलांचं म्हणणं, वर्ष कशाला वाया घालवायचं. गंमत म्हणजे त्याच वर्षापासून गुजरातनेही १ जूनला सहा पूर्ण नसतील तर पहिलीत प्रवेश नाही हा नियम लावला. ऑगस्टमधली ही मुलगी बडोद्यात असती तरी जून २०२४ पर्यंत बालवाटिकेतच बसली असती. हे आजीच्या लक्षात आलं आणि तिने लेकाला गप्प केलं.

त्या वर्षात मुलीला ‘फोरकुर्स डॉइच २४०’ मिळाला. हा एकूण २४० तासांचा जर्मनचा पूर्ववर्ग असतो, निम्मे तास किटात, निम्मे शाळेच्या शिक्षिकेकडे. परक्या भाषेतल्या मुलांसाठी किटा ‘सिस्मिक’ नावाच्या निरीक्षण-पत्रकावर भाषेची नोंद करते, तेव्हा त्यावरून कोणाला हा वर्ग द्यायचा ते ठरत असे. मुलगी उशिरा आल्याने पूर्ण तास मिळाले नाहीत, पण सप्टेंबर २०२४ मध्ये पहिलीत गेली तेव्हा ती शिक्षिकेला प्रश्न विचारत होती.

पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात कागदी शंकू असतो, सत्तर ते पंच्याऐंशी सेंटीमीटर उंच, खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला. तो घरून न्यायचा असतो, शाळा देत नाही. नव्या पालकांना हे कोणी सांगत नाही, कारण तिथे ते सगळ्यांना ठाऊक असतं.

धाकट्याचं काय झालं

मोठी गेली तेव्हा तिच्याजवळ साडेपाच वर्षांची बडोद्याची मराठी होती: आजीच्या गोष्टी, जिन्यातली भांडणं, भाजीवालीशी घासाघीस. धाकटा दोन वर्षांचा, नुकता दोन शब्द जोडणारा. सप्टेंबर २०२३ पासून तो किटात. तोपर्यंत ताईशी त्याचं मराठीत चालत होतं. ताई शाळेत गेली आणि काही महिन्यांत दोघांचा खेळ जर्मनमध्ये होऊ लागला. असं जवळजवळ प्रत्येक घरात होतं. मोठं मूल बाहेरची भाषा घरात आणतं आणि धाकट्याला ती सख्ख्या भावंडाकडून मिळते, म्हणजे सगळ्यात गोड वाटेने.

आई-वडिलांना हे उशिरा कळलं, कारण ‘आम्ही तर घरात मराठीच बोलतो’. आईने एक आठवडा वहीत तास मांडले. मुलगा सकाळी सात ते रात्री आठ जागा, म्हणजे आठवड्याचे एक्क्याण्णव तास. त्यात त्याच्याशी थेट, त्याच्याकडे बघून बोललेली मराठी भरली तेरा तास. मोठ्यांच्या आपसातल्या गप्पा यात धरायच्या नाहीत, मूल त्या ऐकत नाही. जागेपणाच्या वेळातला चौथा हिस्सा एखाद्या भाषेत गेला तर मूल ती बोलतं, पाचव्या हिश्शाच्या खाली गेला की समजतं पण बोलायला कचरतं, असा ढोबळ अनुभव आहे. इथे सातवा हिस्साच होता.

आणखी एक खूण होती. मुलगा ‘मी खाते’, ‘मी जाते’ म्हणे. सगळे हसत. कारण उघड आहे: तो मराठी ऐकत होता ती आई, ताई आणि आजी यांची. वडिलांची मराठी त्याच्या कानावर इतकी कमी पडत होती की ‘जातो’ हे रूप त्याच्याकडे आलंच नव्हतं. मुलगा मोठा झाल्यावर ‘जाते’ म्हणाला की कोणीतरी हसतं आणि मग तो मराठी बोलणंच सोडतो. यावर व्याकरण शिकवून उपयोग नाही, बापाने बोलायचं.

पहिला उपाय फसला. ‘घरात जर्मन बंद’ असा फतवा निघाला, बोललं की डब्यात नाणं. दहा-बारा दिवसांत मुलीने शाळेतलं काही सांगणंच थांबवलं. शाळेत घडलेलं जर्मनमध्ये घडलेलं असतं, ते लगेच मराठीत सांगणं आठ वर्षांच्या मुलीला जड जातं. धाकटा तर खुणांवर आला. नाण्यांचा डबा उचलून ठेवला. ‘जर्मन कळतच नाही’ असं सोंगही करून पाहिलं. आई बेकरीत जर्मन बोलते हे मुलाने रोज पाहिलेलं, तो हसला.

चाललं ते असं. भावंडांच्या आपसातल्या जर्मनला हात लावायचा नाही. मुलाने जर्मनमध्ये काही म्हटलं की तेच वाक्य मराठीत, पूर्ण, सहज परत म्हणायचं आणि पुढे जायचं. ‘मराठीत सांग’ म्हणायचं नाही. ‘काय हवं?’ ऐवजी ‘दूध हवं की ताक?’ विचारायचं आणि मनात पाचपर्यंत मोजायचं. मोकळ्या प्रश्नाचं उत्तर जर्मनमध्ये येतं, कारण मुलाला शब्द आठवावा लागतो. दोन मराठी शब्द आधीच समोर ठेवले की त्यातला एक उचलणं सोपं. पाच सेकंद थांबणं आई-बापांना सगळ्यात कठीण जातं, आपणच उत्तर देऊन टाकतो.

वडिलांकडे रोजची आंघोळ आणि रविवारची सकाळ आली, दोन तास, मुलगा आणि ते दोघंच. ताई बरोबर नाही, हे महत्त्वाचं. आईकडे पोळ्यांचा वेळ. लाटणं, पीठ, फुगली, करपली हे शब्द हाताबरोबर येतात.

आजीचा फोनही बदलला. आधी फोनवर ‘काय केलंस आज? जेवलास? शाळेत गेलास?’ असं चाले. चार वर्षांचं मूल पडद्यावरच्या चौकशीला दोन मिनिटांत कंटाळतं. मग एकाच चित्रपुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या, एक दांडिया बाजारात आणि एक इकडे. आजी पान सांगते, मुलगा उलटतो, चित्रात काय आहे ते आधी तो सांगतो. आठवड्यातून तीन वेळा, वीस मिनिटं. बाकी दिवस आजी एक चुकीचं वाक्य मुद्दाम म्हणते, ‘हत्ती झाडावर चढला’, आणि तो ओरडून दुरुस्त करतो. ओरडताना त्याला जर्मन आठवायला वेळ नसतो.

चार महिन्यांनी पुन्हा तास मांडले तेव्हा बावीस भरले. वाक्यं अजून छोटी, ‘ळ’ आणि ‘ण’ बोथट, पण ‘खातो’ आलं.

सुट्टीतलं बडोदं

सुट्टीत भारतात नेलं की भाषा सुधारते, हे अर्धंच खरं आहे. बायर्नची उन्हाळी सुट्टी जर्मनीत सगळ्यात उशिरा, ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि सुट्टी १५ सप्टेंबरपर्यंत, त्यामुळे हे कुटुंब पाच आठवडे बडोद्यात होतं. पण चुलत-आते भावंडं इंग्रजी माध्यमातली, आपसात गुजराती आणि हिंदी मिसळून बोलणारी. पहिला आठवडा धाकटा त्यांच्यात गप्पच बसला. मराठी मुलांच्या खेळाची भाषा मराठी नाही, हे आता बडोद्याच्या बऱ्याच घरांत खरं आहे. आजीनेच मग वाट काढली. पुण्याहून आलेल्या शेजारच्या भाडेकरूंचा पाच वर्षांचा मुलगा, त्याच्याबरोबर रोज संध्याकाळी सयाजीबाग. नवव्या-दहाव्या दिवशी धाकटा मराठीत भांडला. मुक्काम ठरवताना तिकिटांच्या आधी असा एक खेळगडी शोधावा, जो जर्मन आणि इंग्रजी दोन्हीत अडाणी आहे.

सुट्टी लागायच्या दोन-तीन दिवस आधीचं स्वस्त तिकीट काढू नये. शाळा सक्तीची आहे, विनापरवानगी गैरहजेरीला दंड होतो आणि बायर्नमध्ये सुट्टीच्या तोंडावर पोलीस विमानतळावर शाळकरी मुलांची विचारपूस करतात. बडोदेकरांना हे नवं वाटायला नको; सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड होताच. सणासाठी एखादा दिवस हवा असेल तर शाळेकडे आधी लेखी अर्ज करता येतो, धार्मिक कारणासाठी तशी तरतूद आहे. दिवाळीचा एक दिवस असा मागावा. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला, सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आहे आणि शाळा १५ ला उघडते. म्हणजे त्या वर्षी दीड दिवसाचा गणपती जर्मनीतच, आणि बडोद्याचा मुक्काम ऑगस्टमध्ये.

पुढचे दोन टप्पे

मुलगी २०२७-२८ मध्ये चौथीत असेल. बायर्नमध्ये मे महिन्याच्या सुरुवातीला चौथीच्या मुलांना पुढच्या शाळेचा दाखला मिळतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझिउम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूले (दहावीपर्यंतची मधली शाळा). इथे १ हा सर्वोत्तम आणि ६ हा सगळ्यात खालचा, हे बडोद्याला फोनवर आधी समजावून ठेवावं. परभाषिक मुलांना ३.३३ पर्यंत सवलत मिळू शकते असं पालक एकमेकांना सांगतात. ते खरं आहे, पण जी मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती त्यांच्यासाठीच. ही मुलगी पहिलीपासून तिथेच असल्याने तिला ती सवलत नाही. सरासरी हुकली तर तीन दिवसांचा चाचणी-वर्ग असतो, आणि रेआलशूलेनंतर फाखओबरशूलेतून (दहावीनंतरची व्यवसायाभिमुख शाळा) विद्यापीठाची वाट उघडी राहते. वडिलांनी आताच शिकवणी शोधण्यापेक्षा परिसर अभ्यासाचा पुढचा धडा आदल्या संध्याकाळी मराठीत समजावावा. तिसरीपासून तोच विषय भाषेने जड होतो.

तिचं देवनागरी पहिलीत मुद्दाम सुरू केलं नाही. जर्मन वाचन बसल्यावर, दुसरीच्या नाताळनंतर, आठवड्यातून चार दिवस पंधरा मिनिटं बालभारतीचं पहिलीचं पुस्तक घेतलं. त्याची पीडीएफ फुकट मिळते. जोडाक्षरांना घाई नाही. लक्ष्य एवढंच की दिवाळीपर्यंत आजीचा संदेश तिने स्वतः वाचावा.

धाकटा सप्टेंबर २०२७ मध्ये पहिलीत जाईल. त्याला जर्मनच्या पूर्ववर्गाची गरज लागणार नाही असं किटाचं म्हणणं आहे. तासांची वही आई दर चार महिन्यांनी एक आठवडा मांडते. आकडा वीसच्या खाली आला की वडिलांची रविवारची सकाळ कुठे गेली ते आधी बघायचं, असं घरात ठरलं आहे.